कोझुमेलचं कुंकू

आई,

"कपाळाचं काय करायचं, मुक्ता?"

विद्यावहिनींनी हे अगदी हळू विचारलं, जणू तुम्हाला ऐकू गेलं असतं. इस्पितळाच्या शवागारालगतची ती थंड खोली. तुम्हाला फिकट जांभळी साडी नेसवून झाली होती. कुवेतच्या मराठी मंडळातल्या बायकांचं सगळं विद्यावहिनीच पाहतात, हळदीकुंकवापासून अशा वेळेपर्यंत, म्हणून ताट त्यांच्याच हातात होतं. ताटात कुंकवाचा करंडा होता आणि बुक्क्याची पुडीही होती. एक सवाष्णीचं, एक तुमच्यासारखीचं. एगैला भागात राहणाऱ्या शैलाकाकू मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांचे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली, म्हणून त्या ताटाजवळ आल्याच नाहीत. त्यांना कुणी अडवलं नव्हतं. त्या आपणहून थांबल्या होत्या.

बाकीच्या बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी आता भाषण करणार, हे सगळ्यांनी धरलं होतं. खोटं कशाला सांगू, भाषण तयार होतं. पेटी बंद करणारी माणसं दाराबाहेर उभी होती, तुमचा नितीन कागदपत्रांवरच्या शिक्क्यांच्या मागे या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होता, आणि तुम्ही मोकळ्या कपाळाने जायचं की नाही, हे ठरवायचं माझ्यावर येऊन पडलं होतं.

एव्हाना तुम्ही गुहागरला पोहोचला असाल. माझा पासपोर्ट नूतनीकरणात अडकलेला, म्हणून नितीन एकटाच तुमच्याबरोबर गेला आणि मी अबू हलीफाच्या या घरात मागे राहिले. दमले आहे, आई. रडून दमले असं नाही, रडायला अजून नीट बसलेच नाही. दार उघडून दमले. "कसं झालं हो?" याचं उत्तर देऊन दमले. खालच्या मजल्यावरच्या रुकय्याभाभी पेज पाठवतात. "तुमच्यात चूल नाय पेटवत ना गो इतक्यात," म्हणतात, आणि मी जेवले की नाही हे बघायला स्वतः वर येऊन बसतात. ओट्यावर आपले नसलेले डबे साचलेत. घासून ठेवलेत, पण तुमच्या नियमाप्रमाणे रिकामा डबा परत द्यायचा नसतो. आत काय घालून द्यायचं, तेवढं तरी सांगून जायचं होतं.

तुम्ही मला पत्रकबाई म्हणायचात. चुकीचं नव्हतं. माझे वडील इचलकरंजीला यंत्रमाग कामगारांची संघटना बांधायचे. आमच्या घरी बाराखडी गिरवली ती पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. वह्यांना कव्हर पत्रकाचं, भेळ पत्रकात. विधवांना हळदीकुंकवाचा मान द्या, असं पत्रक मी नववीत असताना गल्लीभर वाटलं होतं आणि एका आजोबांनी ते माझ्या डोळ्यांदेखत फाडून त्याच्या चिंध्या माझ्याच हातात दिल्या होत्या. अशी मी लग्न होऊन कुवेतला आले. इथं भिंतीवर कागद चिकटवायची सोय नाही. अंगात साचलेलं सगळं मग घरातच बाहेर पडायचं, आणि घरात कायम समोर तुम्ही, शिलाई मशीनवर, तोंडात टाचण्या धरून. अर्ध्या अबू हलीफाचे ब्लाउज शिवत तुम्ही माझं ऐकायचात. टाचण्या तोंडातून काढल्या की समजायचं, आता उत्तर येणार.

एकदा मात्र मी कागद चिकटवलाच. आपल्या इमारतीच्या राखणदाराला शुक्रवारचीही सुट्टी देत नव्हते, म्हणून लिफ्टमध्ये चार ओळी लिहून लावल्या. घरमालकाचा माणूस तो कागद हातात घेऊन वर आला. नितीनचा चेहरा पांढरा पडला. तुम्ही मशीनवरून उठलात, त्याच्या हातातला कागद घेतलात आणि तुमच्या मोडक्या अरबीत म्हणालात, "अना. अना किताब." मी लिहिलं. तो तुमच्याकडे बघतच राहिला. पांढऱ्या केसांची, गळ्यात मोजपट्टी अडकवलेली बाई. हसला आणि निघून गेला. दार लागल्यावर तुम्ही तो कागद माझ्या पुढ्यात ठेवलात. "हेतू चांगला. पण कागदावर इतकं ओरडतात का गो? आधी 'कृपया' लिही." या गोष्टीबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. 'कृपया' लिहायचं की नाही, यावरच आपण पुढे कितीतरी दिवस भांडलो.

पण मला लिहायचं आहे ते त्या बेटाबद्दल.

नितीनचे बाबा गेल्यानंतर वर्षभराने ह्यूस्टनच्या रेवाताईंनी ती जहाजाची सफर ठरवली. आईला बदल हवा, म्हणाल्या. तुम्हाला बदल नको होता. तुम्हाला मुलगी आणि नातवंडं हवी होती, ती जहाजासकट मिळाली. मला तर जहाज पहिल्या दिवसापासून खुपत होतं. आपल्या खोलीच्या चादरी बदलणारा मुलगा मालवणचा निघाला आणि तास किती, रजा किती, करार कुणाशी, असे प्रश्न विचारून मी त्याला भंडावून सोडलं. तुम्ही त्याला चिवड्याची पिशवी दिलीत. दुसऱ्या दिवशी तो तुम्हाला आई म्हणायला लागला आणि मला मॅडम.

जहाज मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला लागलं तेव्हा नितीन, रेवाताई आणि मुलं समुद्रात मासे बघायला गेली. आपण दोघींनी माया लोकांचे जुने अवशेष बघायची बस धरली. छातीवर बसच्या क्रमांकाचा गोल कागद चिकटवून तुम्ही गर्दीत उभ्या होतात. "शाळेच्या सहलीसारखं वाटतंय," म्हणालात. "हरवले तर परत आणून देतील." गाइड म्हणाला, वेळेवर परत या, जहाज कुणासाठी थांबत नाही. एका बाईने त्याला विचारलं, "हे माया लोक मग गेले कुठे?" तो कंटाळलेल्या आवाजात म्हणाला, "कुठेही नाही. मी माया आहे. बसा." मला तो माणूस तिथेच आवडला.

झाडीतून पांढऱ्या दगडांची वाट आणि पुढे बुटके, कोसळलेले चौथरे. उन्हात सरडे बसलेले. तुम्ही म्हणालात, "हे एवढंच? मला वाटलं डोंगराएवढं असेल." मग गाइडने सांगितलं की हे देऊळ इश्चेल देवीचं. चंद्राची देवी, विणकामाची, बाळंतपणाची. लांबून होड्या वल्हवत बायका इथं यायच्या, जन्मात एकदा तरी. तुमचा चेहराच बदलला. तुम्ही चपला काढल्यात. तापलेल्या दगडांवर, सगळ्या टोपीवाल्या प्रवाशांच्या मधोमध, तुम्ही अनवाणी.

"आई, पाय भाजतील."

"कुवेतात जन्म काढलाय. मला नको सांगू."

गाइड पुढे म्हणाला, देवीची मूर्ती आतून पोकळ होती म्हणतात, मागे पुजारी लपायचा आणि बायकांना देवीच्या आवाजात उत्तरं द्यायचा. मला तर आयतं हातात मिळालं. "बघा! सगळीकडचे पुजारी सारखेच. आत पोकळ, मागे पुरुष."

तुम्ही शांतपणे म्हणालात, "आणि तुमच्या सभेत त्या भोंग्यामागे कोण असायचं? तुझे वडीलच ना?"

मी हसले नाही. आज हसू येतं, पण आता कुणाबरोबर हसू?

मूर्ती आता नव्हती. स्पॅनिश आले आणि त्यांनी ती फोडली. समोर रिकामं दगडी दार आणि आडवी दोरी. तुम्ही पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढलीत. खण, मूठभर तांदूळ, नारळ जहाजावरून उतरवू देत नाहीत म्हणून सुपारी, आणि छोटा करंडा. म्हणजे तुम्हाला अबू हलीफापासून ठाऊक होतं की वाटेत कुठेतरी देवी असेल.

"हे तिथं पायरीवर ठेव," तुम्ही मला म्हणालात.

"मी का? तुम्ही आणलंय, तुम्ही ठेवा."

"मी ओटी भरत नाही आता. माहीत आहे तुला. तू सवाष्ण आहेस, तू ठेव."

झालं. मला तेवढंच पुरलं. मी म्हणाले, आपल्यात सवाष्ण आणि विधवा हा भेद ज्यांनी केला त्यांचं काम मी करणार नाही. देवीला भेटायचं तर तुम्ही भेटा, नवरा जिवंत असल्याचा दाखला ती मागत नसणार. आणि मी ओटी मानतही नाही. शिवाय मला संशय होता की बाळंतपणाची देवी आणि लग्नाला पाच वर्षं झालेली सून, हा मेळ तुम्ही मनात घातला आहे. तो संशय मी बोलले नाही. तुम्हीही त्या पाच वर्षांत त्याबद्दल एकदाही विचारलं नाहीत. ते न विचारणं केवढं होतं, हे मला आता घरात येऊन बसणाऱ्या बायकांचे प्रश्न ऐकताना कळतंय.

"ठेवतेस की नाही?"

"नाही."

"बरं." तुम्ही पुरचुंडी बांधलीत आणि दाराकडे बघत राहिलात. "रिकामा गाभारा बघवत नाही गो," एवढंच म्हणालात. मग पहारेकऱ्याने दोरीपासून मागे व्हायला सांगितलं, गाइडने बसची वेळ झाल्याचं सांगितलं, आणि आपला वाद अर्धाच राहिला.

फाटकाजवळ टपऱ्या होत्या. एक बाई भरतकामाचे रुमाल मांडून बसली होती. पांढरा झगा, गळ्याशी रंगीत फुलं, कंबरेला फडकं. तुम्ही तिच्या टाक्यांवरून बोट फिरवलंत. तिने ते पाहिलं आणि तुमच्या पुरचुंडीतून डोकावणाऱ्या खणाचा काठ धरला. तिला वाटलं, तुम्हीही विकायला आला आहात. तिने दोन रुमाल पुढे केले आणि खणाकडे बोट दाखवलं. अदलाबदल.

तुम्हाला इंग्रजी येत होतं, पण परक्या माणसाशी परक्या भाषेत बोलायचं म्हणजे अरबी, ही तुमची आयुष्यभराची सवय. "ला, ला," तुम्ही म्हणालात. "मा फी फलूस. हदिया. हदिया!" पैसे नकोत, भेट आहे. तिला कळेना. मी फोनमध्ये बघून स्पॅनिशमध्ये सांगायचा प्रयत्न केला, तेही तिला कळेना. तुम्ही माझ्यावर खेकसलात, "तू गप्प बस, आमचं जमतंय."

आणि जमलं. तुम्ही रुमाल तिला परत केलेत. खण, तांदूळ, सुपारी ओंजळीत घेतलीत, आणि तिने काय समजून कोण जाणे, कमरेचं फडकं दोन्ही हातांनी पसरलं. तुम्ही ते त्यात घातलंत. करंडा उघडलात आणि तिथं थांबलात. तुमचं बोट करंड्याच्या कडेवर होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी हाताची घडी घालून उभी होते.

तिनेच करंड्यात बोट बुडवलं. स्वतःच्या कपाळाला लावलं. मग पुढे वाकून तुमच्या कपाळाला लावलं, नीट, मधोमध, आणि काहीतरी बोलून हसली.

बसमध्ये तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसलात. मला राहवेना. "आई! ओटी भरलीत तुम्ही. आणि कुंकू लावून घेतलंत!"

"भरली नाही. दिलं."

"तिने पदर पसरला, तुम्ही घातलंत. याला काय म्हणतात?"

"पदर नव्हता. फडकं होतं."

"आई!"

"पत्रक काढू नकोस यावर."

जहाजावर पोहोचेपर्यंत कपाळ पुसट झालं होतं. पुसलंत की घामाने गेलं, हे मला माहीत नाही, आणि विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, ऊन होतं. संध्याकाळी रेवाताई मुलांना झोपवायला गेल्या. डेकवर आपण दोघीच. मी पुन्हा विषय काढला. बाबा गेले तेव्हा कुणीही सांगितलं नसताना तुम्ही टिकली लावणं सोडलंत. नितीन म्हणाला लाव, रेवाताई म्हणाल्या लाव, मी तर रोज म्हणत होते. आणि आज एका परक्या बाईने लावलं तर चाललं. मग उद्या मी लावलं तर?

तुम्ही म्हणालात, "तिला काही माहीत नव्हतं. तिनं लावलं ते कुंकू होतं. तू लावशील ते पत्रक असेल."

मी चिडले. म्हणाले, पत्रक असलं म्हणून काय झालं, खरं तर असेल! तुम्ही उठलात, गुडघे धरत. "असेल. पण माझ्या कपाळावर नको. लिहायचं तर मी गेल्यावर लिही, आणि मी बंड केलं असं लिहू नकोस. मला ती बाई आवडली, एवढंच होतं."

म्हणून मी तेवढंच लिहिते आहे. तुम्हाला ती बाई आवडली. पण मला अजून पटलेलं नाही, आई. तुम्ही जे आपणहून सोडलंत असं म्हणत होतात, ते आपणहून नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या एवढं पक्कं शिकवलं की नंतर सांगावंही लागू नये, यालाच तर आम्ही पत्रकांतून शिव्या घालत आलो. हे मी तुम्हाला डेकवर सांगायला हवं होतं. परत आल्यावर तुमचं दिवाळीचं शिवण होतं, माझी नोकरी होती. मग सांगू, म्हटलं.

आणि मग ती थंड खोली आली. ताट समोर, बायका समोर, आणि तुम्ही पहिल्यांदाच मला अडवू शकत नव्हतात. नेमकं तेच मला टोचलं. पाच वर्षं मी तुमच्याशी भांडले, कारण तुम्ही टाचण्या काढून उलट बोलायचात. आता बोट उचललं असतं तर ती कुठली जीत? दुसरीकडे, नाही उचललं तर त्या फाडलेल्या पत्रकाच्या चिंध्या मीच माझ्या हातात ठेवल्यासारखं. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

मी करंडा उचलला. मी त्याचं झाकण लावलं आणि तो ताटात परत ठेवला. बुक्क्याची पुडीही मिटली.

"काहीच नको," म्हणाले. "नुसता हात फिरवते."

तुमचं कपाळ फार गार होतं. ते मोकळं गेलं ते तुमच्या शब्दाखातर. रूढीखातर नव्हे. बघणाऱ्यांना यात फरक दिसला नसेल. तुम्हाला दिसेल. फडकं आणि पदर यांतला फरक तुम्हालाच तर दिसत होता.

विद्यावहिनींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शहाणी आहेस हो. मला धाकधूकच होती."

ते शहाणपण मला असं झोंबलं की थकवा गेला. "शहाणी नाही, वहिनी. यांना आता विचारता येत नाही, म्हणून गप्प आहे." मी भिंतीकडे वळले. "शैलाकाकूंना विचारता येतं."

"मला नको गं वादात ओढू," शैलाकाकू म्हणाल्या. "आजच्या दिवशी तरी."

"ओढत नाही. विचारते आहे. संक्रांतीला मी आधी तुमच्याकडे येईन, करंडा घेऊन. नको म्हणालात तर परत जाईन. भांडेन, पण परत जाईन."

विद्यावहिनी ताट आवरू लागल्या. दार पुन्हा वाजलं. शैलाकाकू भिंतीपासून सुटल्या, ताटाला वळसा न घालता सरळ तुमच्यापाशी आल्या आणि तुमच्या खांद्यावरची साडी सारखी करू लागल्या.

"पदर चुकीचा काढलाय हिचा," त्या म्हणाल्या. "हिला हे खपलं नसतं. टाचणी द्या कुणीतरी."

संक्रांतीचं उत्तर त्यांनी दिलं नाही. नाहीही म्हणाल्या नाहीत. मी पर्समधून टाचणी काढून दिली, त्यांनी ती ओठांत धरली, आणि माणसं आत येईपर्यंत आम्ही दोघी तुमच्या निऱ्या लावत होतो.